शब्दांचें कुलशील

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती करणारा मनुष्य मोठा व्यवहारी असला पाहिजे. मूळ शोधीत गेलें तर पवित्र नदीच्या उगमाशीं एखादें डबकें सांपडावयाचें, आणि ऋषीच्या कुळांत असें एखादें नांव निघावयाचें कीं ज्यानें पुढच्या पूजेंत विघ्न यावें! शब्दांची गोष्ट पुष्कळदां याच्या अगदीं उलट असते. जो शब्द आज आपण तोंड वांकडें करून उच्चारतों त्याच्या मूळाशीं एखादा निरुपद्रवी, कष्टाळू मनुष्य उभा असलेला दिसतो. आणि ज्याच्या उच्चारानें आपण स्वतःला धन्य मानतों त्याच्या मूळाशीं केवळ एक श्रीमंत घर असतें. हें असें कां झालें, आणि त्यांत आज तो शब्द उच्चारणाऱ्याचा अपराध कितपत, हा प्रश्न गेलीं कांहीं वर्षें आमच्या मनांत घोळत आहे. तो आम्हांस आपोआप सुचला असें सांगतां आलें असतें तर आम्हांस आवडलें असतें. पण तो आमच्यापुढें एका विद्यार्थ्यानें टाकला, आणि तोही अशा रीतीनें कीं त्याचें पुरतें उत्तर आम्हांस अद्यापि देतां आलेलें नाहीं.

आम्ही इंग्रजी शिकवितों. शेक्सपिअरचें एखादें नाटक वर्गांत चाललें कीं 'व्हिलन' हा शब्द यावयाचाच, आणि तो आला कीं त्याची व्युत्पत्ति सांगून मुलांना क्षणभर चकित करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. लॅटिनमध्यें 'व्हिला' म्हणजे शेतवाडी व तीवरील घर. तेथें राबणारा तो 'व्हिलानुस'. हा शब्द फ्रेंचांच्या तोंडून इंग्लंडांत आला, तेव्हां त्याचा अर्थ जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला कुळवाडी, इतकाच होता. धन्याच्या परवानगीवांचून त्याला गांव सोडतां येत नसे. आठवड्यांतील ठराविक दिवस त्याला धन्याच्या शेतांत वेठ करावी लागे. मुलीचें लग्न ठरविलें तर त्याबद्दलही धन्याला पैसे मोजावे लागत. असा हा मनुष्य. त्याच्या हातून दुष्टपणा व्हावा एवढी सत्ता त्याच्याजवळ मुळींच नव्हती! पण त्याच्याविषयीं बोलणारे व लिहिणारे लोक वाड्यांत राहणारे होते. त्यांच्या तोंडीं 'व्हिलन' म्हणजे आधीं हलक्या कुळांतला, मग हलक्या वागणुकीचा, मग हलक्या मनाचा, आणि शेवटीं नीच, कपटी, खुनी असा अर्थ पायरीपायरीनें उतरत गेला. पुढें इंग्रजांनीं या एकाच शब्दाचीं दोन लेखनें वेगळीं केलीं. एक इतिहासांतल्या कुळवाड्यासाठीं आणि दुसरें नाटकांतल्या दुष्टासाठीं. वाटणीपत्र झालेल्या भावांप्रमाणें आतां त्यांची एकमेकांशीं ओळखही राहिलेली नाहीं.

इ. स. 1381 मध्यें या कुळवाड्यांनीं बंड केलें आणि ही वेठ रद्द करा अशी मागणी घेऊन ते लंडनवर चालून गेले. चौदा वर्षांच्या रिचर्ड राजानें त्यांना मुक्ततेच्या सनदा लिहून दिल्या, आणि बंड मोडतांच त्या फिरविल्या. या प्रसंगांत शब्दाच्या आजच्या अर्थानें 'व्हिलन' कोण होतें याचा निर्णय वाचकांनींच करावा.

हा एकटाच शब्द असता तर त्याला योगायोग म्हणून सोडून देतां आलें असतें. पण अशी पंगतच्या पंगत बसलेली आहे. 'चर्ल' म्हणजे आज इंग्रजींत उर्मट, खडूस मनुष्य. जुन्या इंग्रजींत तो होता सामान्य स्वतंत्र शेतकरी. गंमत अशी कीं ज्या जर्मानिक शब्दापासून हा 'चर्ल' निघाला त्याच घराण्यांतून 'कार्ल' आणि 'चार्ल्स' हीं नांवें निघालीं, आणि इ. स. 814 मध्यें वारलेल्या शार्लमान बादशहाच्या नांवावरून पोलिश, चेक, रशियन वगैरे भाषांत 'राजा' या अर्थाचा शब्दच बनला. एक भाऊ सिंहासनावर गेला, दुसरा शिवीच्या कोशांत. 'बूर' म्हणजे आज रांगडा, अशिष्ट इसम; डच भाषेंत त्याचा अर्थ शेतकरी. दक्षिण आफ्रिकेंतील ज्या बोअर लोकांनीं 1899 ते 1902 पर्यंत इंग्रजांशीं युद्ध केलें त्यांनीं हाच शब्द अभिमानानें स्वतःस लावून घेतलेला होता. आणि इंग्रजींतील 'नेबर', म्हणजे शेजारी, याच्या पोटांत तरी कोण आहे? हाच शेतकरी, जवळ राहणारा म्हणून शेजारी. तो जवळ आला कीं सज्जन होतो आणि दूर गेला कीं रांगडा ठरतो.

सर्वांत बोलकी जोडी 'नेव्ह' आणि 'नाइट' यांची. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा. जर्मन भाषेंत यांच्या भावांपैकीं एकाचा अर्थ आजही मुलगा, दुसऱ्याचा नोकर. चॉसरच्या काळीं मुलगी नव्हे तर मुलगा झाला, हें सांगतांना 'नेव्ह' शब्द बेलाशक वापरीत. पुढें एक पोरगा राजाच्या पदरीं घोड्यावर बसला, तो 'नाइट', वीरपुरुष झाला. दुसरा मुदपाकखान्यांत राहिला, तो 'नेव्ह', लुच्चा झाला. पत्त्यांच्या डावांत त्याचें चित्र अजून निघतें. आपण त्याला गुलाम म्हणतों, म्हणजे निदान खरें तरी बोलतों!

आतां सद्गुणांचीं नांवें पाहावीं. 'जेंटल' म्हणजे मूळचा चांगल्या कुळांतला. 'नोबल' म्हणजे मूळचा नांवाजलेल्या घरचा. 'जेनरस', म्हणजे उदार, हाही मूळचा खानदानीच. 'लिबरल' म्हणजे जो गुलाम नाहीं अशा मनुष्यास शोभेल असें. 'अर्बेन', म्हणजे शिष्टाचारानें वागणारा, त्याचा मूळ अर्थ शहरांतला. उलट 'मीन' याचा मूळ अर्थ केवळ सामायिक, सर्वांचा, म्हणून सामान्य, म्हणून हलका. आणि 'व्हल्गर' म्हणजे लोकांचा. सर्व चांगले गुण वाड्यांत आणि सर्व वाईट गुण झोंपडींत राहतात, असा जणू इंग्रजी शब्दकोशाचा जनगणनेचा अहवाल आहे.

या गोष्टीकडे विचारवंतांचें लक्ष गेलेलें नाहीं असें नव्हे. पुढें डब्लिनचे आर्चबिशप झालेल्या ट्रेंच यांनीं 1851 सालीं शब्दांच्या अभ्यासावर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. 1928 सालीं पुरा झालेला ऑक्सफर्डचा महाकोश ज्या प्रयत्नांतून निघाला त्या प्रयत्नांच्या मूळाशींही ट्रेंच यांचा हात होता. शब्दांच्या अधोगतींत त्यांना मनुष्यजातीच्या नैतिक पतनाची साक्ष दिसली. नीट्शेला 1887 सालीं तेंच दृश्य अगदीं निराळें दिसलें. जर्मन भाषेंत 'वाईट' आणि 'साधा' हे दोन शब्द मुळांत एकच, हें दाखवून त्यानें असा सिद्धांत मांडला कीं 'चांगलें' ही कल्पनाच मुळीं मालकांनीं स्वतःचें वर्णन करतांना निर्माण केली. सी. एस. लुइस यांनीं 1960 सालच्या आपल्या पुस्तकांत अधिक सौम्य भाषेंत तीच गोष्ट सांगितली कीं, दर्जा दाखविणारे शब्द कालांतरानें शील दाखवूं लागतात. तिघांचाही मार्ग एक आणि मुक्काम तीन. आम्हांस यांत लुइस यांची बाजू अधिक पटते, कारण ते शब्दाकडून त्याला पेलेल एवढेंच वदवून घेतात.

कारण व्युत्पत्तीचा छंद हा मद्यासारखा आहे, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. एके काळीं आम्ही एका बक्षीस समारंभांत भाषण करतांना 'सिन्सिअर' या शब्दाची हकीकत मोठ्या रसाळपणें सांगितली होती: मूर्तिकार लोक संगमरवरांतील भेगा मेणानें बुजवीत, म्हणून ज्यांत मेण नाहीं तें 'सिने सेरा', निर्भेळ, प्रामाणिक. टाळ्या चांगल्या पडल्या. पुढें कोश उघडून पाहिला तेव्हां कळलें कीं ही हकीकत पंडितांनीं केव्हांच निकालांत काढलेली आहे. प्रामाणिकपणाची खोटी व्युत्पत्ति आम्हीं अत्यंत प्रामाणिकपणें सांगितली होती! असाच मोह संस्कृतांतही आहे. 'खल' म्हणजे धान्याचें खळें आणि 'खल' म्हणजे दुष्ट. तेव्हां आपला खलनायकही शेतावरूनच आला असें सांगून 'व्हिलन'शीं त्याची सोयरीक जुळवावी, असें फार वाटतें. पण उच्चार एक म्हणून कूळ एक असें मानूं लागलों तर सर्वच गांव सोयरा होईल.

आतां मूळ प्रसंगाकडे वळतों. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाच्या संपादनाचें काम एके वर्षीं आमच्याकडे होतें. एका विद्यार्थ्यानें शेतांत विहीर खणली गेली त्या उन्हाळ्याविषयीं लेख दिला होता. लेख चांगला होता. इतका, कीं त्याची भाषा थोडी घांसूनपुसून घ्यावी असें आम्हांस वाटलें. त्यांत 'बाप' हा शब्द वारंवार आला होता. बाप पहाटे उठला, बापानें सुरुंगाचीं भोंकें घेतलीं, बाप विहिरींत उतरला. आम्हीं लाल शाईनें ठिकठिकाणीं 'वडील' केलें, क्रियापदें आदरार्थीं केलीं, आणि समासांत 'ग्राम्य' असा शेरा लिहिला. संस्कृत साहित्यशास्त्र थोडेंबहुत वाचलेल्या मनुष्याच्या हातून हा शेरा सहज उतरतो. अकराव्या शतकांतील मम्मटानें काव्यप्रकाशांत पददोषांची जी यादी दिली आहे तींत 'ग्राम्य' हा एक दोष आहेच.

त्यानंतर चारसहा दिवसांनीं वर्गांत 'व्हिलन' आला आणि आम्हीं नेहमींचें व्याख्यान दिलें. तें संपतांच हा विद्यार्थी उठून उभा राहिला.

"सर, म्हणजे व्हिलन शब्दाचा खरा अर्थ गांवचा माणूस?"

"मूळ अर्थ. होय."

"आणि ग्राम्य शब्दाचा?"

वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, कारण प्रश्न चतुर होता. तो मात्र हंसला नाहीं, आणि खालीं बसला.

दुपारीं तो आमच्या खोलींत आला. त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता. असता तर आमचें काम सोपें झालें असतें. तो म्हणाला, "सर, समोर आम्ही त्याला बा म्हणतों, आणि त्याच्याविषयीं बोलायचें तर बापच म्हणतों. तुम्हीं वडील केलेंत, पण तें वाचतांना दुसऱ्याच कोणाचे तरी वाटतात. ते विहिरींत उतरतील असें वाटत नाहीं."

या शेवटच्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. वाङ्मयाचा प्राध्यापक म्हणून सांगावयाचें तर तें आम्हांस शिकवावयाचें होतें आणि त्यानें तें आम्हांस शिकविलें.

तो गेल्यावर मात्र आमचें मन स्वतःचा बचाव करूं लागलें. पहिला बचाव विद्वत्तेचा. शब्दाचा मूळ अर्थ हा त्याचा खरा अर्थ नव्हे. इंग्रजी 'नाइस' हा लॅटिनमधील 'अडाणी' या अर्थाच्या शब्दापासून निघाला, म्हणून कोणाला 'नाइस' म्हटल्यानें त्याचा अपमान होत नाहीं. 'सिली' याचा मूळ अर्थ धन्य, पुण्यवान. जर्मन भाषेंत त्याचा भाऊ अजून त्याच अर्थानें नांदतो. इंग्रजींत पुण्यवानाचा निष्पाप, निष्पापाचा बापडा आणि बापड्याचा मूर्ख झाला. आपल्याकडेही 'भोळा' शब्द त्याच वाटेवर निघालेला दिसतो. पण म्हणून आज कोणाला 'सिली' म्हटलें तर तो हात जोडून आभार मानणार नाहीं. सम्राट अशोक इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवून घेई, आणि पुढच्या संस्कृत पंडितांनीं त्याच पदाचा अर्थ मूर्ख असा केला. 'पाषंड' हा शब्द अशोकाच्या लेखांत कोणत्याही धर्मपंथाला आदरानें लावलेला आहे, आणि आपण 'पाखंडी' कोणत्या सुरांत म्हणतों हें सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां शब्द ज्या घरांतून निघाला त्या घराचा आज कांहीं संबंध नाहीं. 'ग्राम्य' म्हणजे केवळ अशिष्ट. गांवाचा त्यांत कांहीं विषय नाहीं.

हा बचाव 'व्हिलन'च्या बाबतींत पुरा पडतो. तो कां पुरा पडतो हेंच आमच्या ध्यानांत यावयास वेळ लागला. इंग्लंडांत जमिनीला बांधलेला तो कुळवाडी आतां उरलेला नाहीं. त्याच्या नांवाची शिवी झाली, पण ती ऐकून दुःख व्हावें असें त्या नांवाचें मनुष्य जिवंत नाहीं. जखम होती, आतां व्रणही नाहीं. परंतु दुसरा एक इंग्रजी शब्द घ्या. 'पराया' नव्हे, 'पॅराया', म्हणजे समाजानें वाळींत टाकलेला. जगाशीं फटकून वागणाऱ्या राष्ट्रालाही इंग्रजी वर्तमानपत्रें बेधडक हें विशेषण लावतात. हा शब्द आपल्याच देशांतून गेला. तमिळ देशांतील परैयर या जातीचें हें नांव. 'परै' म्हणजे नगारा, आणि तो वाजविणारे ते परैयर, अशी त्याची उपपत्ति सामान्यतः देतात. या जातीचे लाखो लोक आज तेथें राहतात, शिकतात, वर्तमानपत्रें वाचतात. त्यांतल्या एखाद्या मुलीनें लंडनचें वर्तमानपत्र उघडावें आणि आपल्या आजोबांच्या जातीचें नांव एखाद्या हुकूमशहाला शिवी म्हणून दिलेलें वाचावें, तेव्हां तिला "बाई, मूळ अर्थ हा खरा अर्थ नव्हे" असें समजावण्यास कोणता भाषाशास्त्रज्ञ धजेल? आणि आपणांस तमिळ देशापर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. जातींचीं नांवें शिवीसारखीं वापरण्याची खोड मराठी बोलणाऱ्या सुशिक्षित घरांतूनही गेलेली नाहीं. 1989 सालीं कायदा झाला तो उगाच नव्हे.

दुसरा बचाव हेतूचा. आमच्या मनांत त्या मुलाविषयीं, त्याच्या गांवाविषयीं, तिरस्कार नव्हता. खरोखरच नव्हता. पण चांगल्या हेतूनें दिलेल्या नांवाचें काय होतें याचें उदाहरण आपल्याजवळ आहे. गांधीजींनीं अस्पृश्यांना 'हरिजन' हें नांव दिलें तें अपमानासाठीं नव्हे. त्या नांवाचें त्यांचें साप्ताहिक 1933 सालीं पुण्यांतूनच सुरू झालें. तरी ज्यांना तें नांव दिलें त्यांना तें नको होतें. 1938 सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत हें नांव कायद्यांत घालण्याचा प्रश्न आला तेव्हां डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी सभागृह सोडून गेले. येथें हेतूचा दोष कोणी काढूं शकत नाहीं. दोष इतकाच, कीं नांव ठेवणाऱ्यानें ज्याला नांव ठेवावयाचें त्याला विचारलें नव्हतें. मराठींत 'नांव ठेवणें' याचे दोन अर्थ आहेत, आणि ते आम्हांस वाटत होते तितके एकमेकांपासून दूर नाहींत.

मग काय, समीक्षकानें हे सर्व शब्द टाकून द्यावे? हें आमच्यानें होत नाहीं. ओंगळ, ओबडधोबड, निष्काळजी लेखन असतें, तें शहरांतही असतें, किंबहुना हल्लीं तेथेंच फार. आणि त्याला नांव देण्यास शब्द लागतोच. 'असभ्य' म्हणावें तर तो सभेंत बसण्यास अपात्र. आणि सभेंत कोणाला बसूं देत होते हें आपण जाणतोंच. 'अडाणी' म्हणावें तर ज्याला शाळा मिळाली नाहीं त्याचा तो उद्धार. भाषा सोंवळी करूं गेलें तर मुकें राहावें लागेल. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, शब्द उच्चारतांना ज्याच्या अंगावरून तो काढला तो मनुष्य समोर उभा आहे कीं नाहीं, हें पाहावयास हवें. आणि त्या दिवशीं तो समोर उभा होता.

शिवाय आमचा शेरा नुसता कठोर नव्हता, तो चुकीचाही होता. 'बाप' हा शब्द प्राकृतापासून मराठींत चालत आलेला. ज्ञानदेवांनीं आपल्या अभंगांच्या मुद्रेंत रखुमादेवीच्या वराला लावला तो हाच शब्द. 'वडील' म्हणजे नुसता मोठा, वयानें थोर. त्यांत बापपण मागाहून आलें. महात्मा फुले यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, तेव्हांही त्यांची भाषा अशुद्ध आहे असें म्हणणारे पुण्यांत पुष्कळ होते. आणि खानदेशांतील बहिणाबाई चौधरींचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर 1952 सालीं पुस्तकरूपानें आलीं, तेव्हां आचार्य अत्र्यांसारख्यानें त्यांना मोठ्या हौसेनें प्रस्तावना लिहिली. तीं गाणीं हस्तलिखितांत आधीं आमच्यासारख्याच्या लाल शाईखालीं आलीं असतीं तर काय झालें असतें, याचा विचार न केलेला बरा.

लेख छापावयास गेला तेव्हां आम्हीं 'बाप' पूर्ववत् करून दिला होता. छापखान्यांतील मुद्रितें तपासणाऱ्या गृहस्थांनीं तो पुन्हा 'वडील' केला. आम्हांस वाटतें, आमच्याच पूर्वींच्या खुणा पाहून. आम्हीं तो परत बदलविला. शेवटीं अंक निघाला त्यांत दोन ठिकाणीं 'वडील' तसेच राहून गेले होते.

त्या वर्षाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशीं मंडपाबाहेर गर्दींत तो विद्यार्थी आम्हांस दिसला. बरोबर फेटा बांधलेले, उन्हानें रापलेले एक उंच गृहस्थ होते. हातांत चपला घेऊन उभे होते, कारण मंडपांत सतरंज्या होत्या. आम्ही जवळ गेलों. त्यानें वांकून नमस्कार केला, आणि मग किंचित् थांबून, आमच्याकडे पाहून म्हणाला,

"सर, हे माझे वडील."